सांध्यात काय भरलंय?

प्रीकास्ट म्हणजे भिंती आणि स्लॅब कारखान्यात ओतायचे, ट्रकने साइटवर आणायचे आणि क्रेनने एकावर एक बसवायचे. फायदे आपल्याला तोंडपाठ आहेत: वेळ वाचतो, शटरिंग कमी लागतं, काँक्रीटचा दर्जा सारखा राहतो. सेमिनारसाठी मीही हेच लिहिलं होतं. मग रोनन पॉइंटबद्दल वाचलं आणि निम्मा सेमिनार खोडला.

पूर्व लंडनमधली ही २२ मजली इमारत मार्च १९६८ मध्ये तयार झाली. तिला काँक्रीटची फ्रेम नव्हती. पॅनेल्सच्या भिंतीच वरचा भार पेलायच्या. १६ मे १९६८ च्या पहाटे १८व्या मजल्यावर कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. स्फोटाने बाहेरच्या भिंतीची पॅनेल्स फेकली गेली. वरच्या मजल्यांचा आधारच गेला. ते खाली आले आणि त्यांच्या वजनाने खालचेही कोसळत गेले. ४ माणसं गेली. त्या बाई मात्र वाचल्या!

म्हणजे स्फोट काही फार मोठा नव्हता. मग एवढी पडझड का? पॅनेल्स मुख्यतः स्वतःच्या वजनाने आणि घर्षणाने जागेवर होती. जितकं वर जावं तितकं डोक्यावरचं वजन कमी, म्हणजे घर्षणही कमी. १८व्या मजल्यावर भिंत ढकलणं त्यामुळे सोपं होतं. पुढे १९८६ मध्ये इमारत सुटी करून उतरवली, तेव्हा काही सांध्यांत मोर्टारऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे सापडले.

या अपघातानंतर ब्रिटनने १९७० मध्ये नियम बदलले. तेव्हाचा नियम असा: पाच किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीत एखादा भाग गेला तरी बाकीची इमारत उभी राहायला हवी होती. नाहीतर तो भाग दर चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन दाब सोसणारा हवा होता. म्हणून आता पॅनेल्स आडव्या-उभ्या सळयांनी म्हणजे 'टाय'ने एकमेकांना बांधतात. एक भिंत गेली, तर भाराला दुसरी वाट मिळते.

माझी आजी म्हणते, हाडं ठणठणीत आहेत गं, सांधे तेवढे कुरकुरतात. प्रीकास्टचंही तेच. पॅनेल कारखान्यात तपासलं जातं, पण सांधा साइटवर भरला जातो, बहुधा घाईत, आणि एकदा भरला की आतलं दिसत नाही. पुढच्या वर्षी आपल्यापैकी काहीजण साइटवर असतील. चेकलिस्टवर सही करण्याआधी वाकून बघा एवढंच सांगायचंय.