वाऱ्याकडं तोंड करून चाल

पोरी, वनरक्षकाची वर्दी तुला मिळाली आणि नेमणूकही आपल्याच राधानगरीच्या जंगलात झाली. प्रशिक्षणात तुला कायदा शिकवला असेल, नकाशे वाचायला शिकवले असतील. मी सांगतोय ते माझ्या आज्याकडून आलेलं आहे. तो संस्थानच्या काळात दरबारी शिकारीत हाकाऱ्याला जायचा. डबे बडवत, आरोळ्या ठोकत जनावर मचाणाकडं रेटायचं, हे त्याचं काम. बंदूक त्याच्या हातात कधी आली नाही, पण सांबर कुठून निघेल, कुठं थबकेल, कुठं वळेल हे त्याच्याइतकं बंदूकवाल्यालाही कळत नसे. ती शिकार गेली ते बरंच झालं. तिच्यातली माहिती मात्र जाऊ देऊ नकोस. आज जनावर राखायला तीच लागते.

पहिली गोष्ट वाऱ्याची. हरणाची नजर हललेलं टिपते, कान चारी बाजूंना फिरतात, पण त्याचा खरा भरवसा नाकावर असतो. तू झाडाआड निश्चल उभी राहिलीस तर सांबर तुझ्याकडं बघूनही चरत राहील. तुझा वास गेला की मात्र संपलं. म्हणून वारं तोंडावर घेऊन चालायचं. डोंगरात रात्री आणि पहाटे हवा उतारावरून खाली येते, ऊन तापलं की खालून वर चढते. सकाळी खालून वर जा, दुपारनंतर वरून खाली ये. सावराई सड्यावर पोचलीस की चिमूटभर कोरडी माती सोडून बघ, सड्यावरचं वारं सारखं फिरतं.

आता माग. गव्याचा खूर मोठा आणि गोलसर, तो चुकत नाही. पण गवा म्हणजे हरीण नव्हे, तो गाईगुरांच्या कुळातला. दाजीपूरला येणारे निम्मे पाहुणे इथंच गोंधळतात, त्यांना नीट समजावून सांग. सांबराचा माग लांबट आणि पुढं निमुळता. रानडुकराचा तसाच वाटतो, पण मऊ मातीत त्याच्या मागच्या बाजूला दोन्हीकडं आखूड नखं उमटतात. भेकराचा माग त्याहून कितीतरी लहान, आणि पिसोरी हरणाचा तर अंगठ्याच्या नखाएवढा. पिसोरी दिसली तर नशीब समज. सशाएवढं अंग, शिंगं नाहीतच, नराला बारीक सुळे असतात आणि ती हिंडते रात्रीची. नावात हरीण असलं तरी तिचं कुळ वेगळं आहे. सांबर, भेकर यांच्या पोटाला चार कप्पे असतात, हिच्या पोटाला तीनच.

हिवाळ्यात आवळ्याखाली कधीकधी नुसत्या बियांची छोटी रास दिसेल. ती कुणा माणसानं केलेली नसते. भेकर, चितळ आवळे गिळतात, नंतर निवांत बसून रवंथ करतात आणि कडक बी तोंडातून टाकून देतात. अशी रास ताजी असली तर जवळपास बसल्याची जागा असणार, दबलेलं गवत शोध. जंगलात आवळा पेरणारा मोठा गडी हरीणच.

आवाज ऐकायला शीक. भेकर खरोखर कुत्र्यासारखं भुंकतं, एकदा सुरू झालं की बराच वेळ थांबत नाही. बिबट्या दिसला तरी भुंकतं, आणि नुसता संशय आला तरी भुंकतं. चितळही तसंच घाबरट. सांबराचं तसं नाही. ते पाय आपटतं, शेपटी उभी करतं आणि एकच मोठा टणक आवाज टाकतं. आजा म्हणायचा, सांबर उगाच ओरडत नाही. ते पुन्हा पुन्हा ओरडायला लागलं तर समोर शिकारी जनावर आहे असं धर आणि पायवाट सोड. रानकुत्री मागं लागली की सांबर पाण्यात उतरून तोंड वर करून उभं राहतं. पाणवठ्यावर असं सांबर दिसलं तर मदतीला धावू नकोस. रानकुत्र्यांचंही पोट त्याच जंगलावर आहे.

पर्यटक तुला सगळ्यात जास्त विचारतील ते शिंगांबद्दल. एवढं पाठ ठेव: सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं हाडाची, फक्त नराला येतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. नवं शिंग उगवताना त्यावर केसाळ मऊ कातडी असते, तिच्यात रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की नर झाडावर घासून ती काढतो. साली सोललेली झाडं दिसतात ती बहुतेक त्याचीच. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची शिंगं पोकळ, आतल्या हाडावर टोपणासारखी बसलेली आणि जन्मभराची. फाट्यांवरून वय सांगता येतं असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. थोराड सांबराला प्रत्येक शिंगावर तीन टोकं येतात, पुढं तो कितीही म्हातारा झाला तरी साधारण तीनच. वय दातांच्या झिजेवरून कळतं.

परदेशात राहून आलेलं कुणी मादीला शिंगं असतात का असं विचारेल. आपल्याकडच्या सांबर-चितळात नाही. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कॅरिबूत मात्र असतात, आणि हरणांच्या साऱ्या जातींत ते एकच असं आहे. नराची शिंगं माजाचा काळ सरला की गळतात, गाभण मादी आपली शिंगं वसंतापर्यंत ठेवते. बर्फ उकरून काढलेल्या चाऱ्यावर दुसरं कुणी आलं तर ती त्या शिंगांनी त्याला हुसकते. त्या जनावराचे डोळे उन्हाळ्यात आतून सोनेरी आणि काळ्याकुट्ट हिवाळ्यात निळे होतात, कमी उजेडात दिसावं म्हणून. तिकडचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या मांसावर आणि कातड्यावर जगत आले. 'मग तिकडं चालतं, इथं का नाही?' असा पुढचा प्रश्न येईल. तेव्हा तू कोल्हापूरचीच गोष्ट सांग.

आपल्या छत्रपतींकडं पाळलेले चित्ते होते, ते सांभाळायला चित्तेवान होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचे आणि काळविटांचा कळप जवळ आला की टोपी काढून सोडायचे. पहिल्या काही शे हातांत काळवीट हाती लागलं तर लागलं, नाहीतर चित्ता दमून बसायचा. देशातले चित्ते कमी झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले. पुढं १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजानं मारलेले तीन हे आपल्याकडचे शेवटचे देशी चित्ते मानतात. १९५२ साली ते देशातून संपल्याचं जाहीर झालं. काळवीटही आपल्या माळांवरून गेलं. आज ते बघायचं तर कर्जतजवळ रेहेकुरीला किंवा सोलापूरकडं नान्नजला जावं लागतं. तिकडं सांगलीला धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर सागरेश्वर उभं केलं, १९८५ ला त्याचं अभयारण्य झालं आणि तिथं हरणं पुन्हा हिंडू लागली. उजाड झालेलं परत आणायला एका माणसाचं अख्खं आयुष्य लागतं. दाजीपूर हे दरबारी शिकारीचं रान होतं, १९५८ साली ते राखीव झालं, म्हणून त्याच्यावर ती वेळ आली नाही. चांदोली ते तिळारी या पट्ट्यात वाघ ये-जा करतो, त्याला सांबराचं पोटभर खाणं मिळतं.

काही गोष्टी कडकपणे सांगायच्या. गळालेलं शिंग घरी न्यायचं नाही, भिंतीला लावायला नाही आणि औषधालाही नाही. जंगलात सायाळ आणि उंदीर ते कुरतडतात, चुना-फॉस्फरस त्यांनाही हवा असतो. हरणाच्या बेंबीत कस्तुरी असते म्हणून कुणी पुडी विकत असेल तर तो फसवतोय. कस्तुरीमृग हिमालयातला, आणि त्याची कस्तुरी विकणंही गुन्हाच आहे. १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे. काळविटासारख्या जनावराला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. पूजेला बसायला जुनं कातडं आहे म्हणणाऱ्यालाही मालकीचा दाखला विचार.

गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नकोस. आई त्याला लपवून चरायला जाते. पिलाच्या अंगाला वास फार कमी असतो, तेच त्याचं संरक्षण. आल्या वाटेनं मागं फीर, आणि फोटोवाल्यांनाही मागं घे. विहिरीत पडलेलं किंवा कुत्र्यांनी पळवलेलं हरीण गावकऱ्यांनी धरलं असेल तर आधी गर्दी हटव, डोळ्यांवर फडकं टाक, तोंडात पाणी ओतू देऊ नकोस. भीतीनं आणि धावपळीनं त्याचे स्नायू आतून जळतात, जखम नसली तरी एक-दोन दिवसांत ते मरू शकतं. शेतकरी भात-ऊस खाल्ल्याची तक्रार घेऊन आला तर त्याला कमी लेखू नकोस. त्याची रात्र जागून गेलेली असते. भरपाईसाठी पंचनामा त्वरित करून दे. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तूच भरून ठेव.

आणि फासे. आज्याला जिथून जनावर निघेल असं वाटायचं, फास लावणाराही नेमकं तिथंच बघतो: कुंपणाची मोकळी जागा, पाणवठ्याकडं उतरणारी अरुंद वाट, कारवीतली बोगद्यासारखी फट. गाडीच्या क्लचची तार असते, भेकराच्या मानेएवढ्या उंचीवर. एखादी फांदी उगाच वाकलेली दिसली किंवा वाटेच्या दोन्ही बाजूंना काटक्या रचलेल्या दिसल्या की थांब. आधी जागेचा फोटो काढ, ठिकाण नोंदव, साहेबांना कळव, मगच तार काढ. मग त्याच वाटेनं पुढं जाऊन नीट शोध. फास लावणारा एकच लावून कधी जात नाही.