पडद्यावरील अक्षर : लेखनक्रम आणि डिजिटल कुंचला

मागील पाठात आपण ध्वनिक्रम आणि लिपिक्रम यांमधील भेद पाहिला. छापील पानावर हा भेद सहसा लक्षात येत नाही, कारण तेथे शब्द आधीच लिहून झालेला असतो. चित्रफितीत मात्र तो वाचकाच्या डोळ्यांदेखत लिहिला जातो आणि आधी काय, मागून काय, हे ठरवावेच लागते.

उदाहरणादाखल ‘कुरुळी’ हा शब्द घेऊ. चाकण परिसरात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पुणे-नाशिक मार्गालगतचे हे गाव परिचित असेल. गावच्या यात्रेच्या चित्रफितीसाठी हे नाव पडद्यावर हाताने लिहिल्यासारखे उमटवायचे आहे, असे समजा.

‘आफ्टर इफेक्ट्स’ या संगणकप्रणालीत यासाठी ब्रश हे साधन आहे. ते मुख्य दृश्यचौकटीत चालत नाही. थरावर दोनदा क्लिक करून तो लेअर पॅनेलमध्ये उघडावा लागतो. नवशिक्यांचा पहिला अर्धा तास बहुधा येथेच जातो! पुढे पेंट पॅनेलमधील ‘ड्युरेशन’ या पर्यायात ‘राइट ऑन’ निवडले, की आपण ज्या गतीने रेघ ओढली त्याच गतीने ती पडद्यावर उमटते. प्रत्येक रेघेची टाइमलाइनमध्ये स्वतंत्र नोंद होते. तिच्या ‘एंड’ या गुणधर्माच्या कीफ्रेम पुढेमागे सरकवल्या, की गती बदलता येते. रेघ पुन्हा काढावी लागत नाही.

येथे एक मेख आहे. रेघ उमटण्यास सुरुवात होते ती कालदर्शक ज्या क्षणावर उभा असेल त्या क्षणापासून. दर्शक न हलवता सगळ्या रेघा काढल्या, तर ‘क’ची वाटी, दंड, उकार आणि शिरोरेघ एकाच वेळी वाढू लागतात. असे अक्षर कोणी लिहिले आहे, असे वाटत नाही. ते बुरशीसारखे पसरते. म्हणून एक रेघ संपते तेथे दर्शक आणून मगच दुसरी काढावी. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर चार सेकंदांच्या शब्दासाठी आपल्या हाती 100 चौकटी असतात. त्यांतील थोड्या रिकाम्या ठेवाव्यात, कारण लिहिणारा हात मध्ये उचललाही जातो.

आता क्रम. शाळेत आपण अक्षरे आधी आणि शिरोरेघ शेवटी, संपूर्ण शब्दावर एकसलग, असे शिकलो. तोच क्रम येथे ठेवावा. ‘रु’कडे विशेष लक्ष द्यावे. ‘क’चा उकार पायाशी लागतो, ‘र’चा मात्र मध्यभागी, उजवीकडून जोडला जातो. अंत्य अक्षर दीर्घ असल्याने उपान्त्य उकार ऱ्हस्व, हा नियम आपण अभ्यासला आहे. पाटीवरील ‘रु’-‘रू’ची गफलत धावत्या नजरेतून निसटते. येथे तो उकार पंधरावीस चौकटी एकटाच हलत असतो, आणि सारे गाव तो पाहत असते.

‘पिंपरी’ हा शब्द याहून अवघड आहे. ‘पि’मध्ये उच्चार आधी ‘प्’चा, मग ‘इ’चा, संगणकाच्या युनिकोड संकेतातही हाच क्रम असतो. परंतु वेलांटी बसते ती ‘प’च्या डावीकडे. हाताने लिहिताना कोणी तिचा दंड आधी काढतो, कोणी मागून. माझ्या मते दंड आधी यावा, कारण हात डावीकडून उजवीकडे जातो आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्यामागून. निवेदकाचा आवाज सोबत असेल, तर मात्र ‘प’ आधी आणणे सयुक्तिक ठरेल. येथे भाषाभ्यासकाने चित्रकारावर निर्णय सोपवून मोकळे होऊ नये.

रेघेच्या जाडीविषयी थोडेसे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते, म्हणून वळणानुसार रेघ जाड-बारीक होते. ब्रशेस पॅनेलमधील ‘राउंडनेस’ कमी करून ‘अँगल’ बदलला, की हा परिणाम बऱ्याच अंशी साधतो. देवनागरी बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो, हे विसरू नये. कोन चुकल्यास अक्षर बरोबर असूनही परके दिसते.

स्वाध्याय : ‘मार्ग’ आणि ‘चिंचवड’ हे शब्द कागदावर सावकाश लिहा व प्रत्येक रेघेला क्रमांक द्या. ‘मार्ग’मधील रफार उच्चारात ‘ग’च्या आधी येतो, आपल्या हाताने तो केव्हा काढला? घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तेच शब्द लिहवून घ्या आणि दोन्ही क्रमांची तुलना करा.