माशांची प्रयोगशाळा, माणसांची साथ

आमची बॅच २०२० साली दहावीला होती. भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला आणि आम्ही अक्षरशः उड्या मारल्या! आता फायनल इयरला आल्यावर तो राहिलेला भूगोल थोडा भरून काढावा, म्हणून हा लेखनप्रपंच. विषय आहे फेरो बेटे. नकाशात शोधायला गेलात तर स्कॉटलंडच्या वर, आइसलंडच्या खाली, समुद्रात शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे अठरा ठिपके दिसतील. तीच ही बेटं. २०२० मध्ये लोकसंख्या होती सुमारे ५२ हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण मार्च-एप्रिल २०२० मध्ये जेव्हा भली भली राष्ट्रे गुडघ्यावर आली होती, तेव्हा या चिमुकल्या प्रदेशाने पहिली लाट एकही मृत्यू न होता परतवून लावली. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असा हा प्रकार. हे कसं जमलं, ते आपण इंजिनिअरच्या नजरेने पाहू.

स्वायत्त म्हणजे नेमके काय?

फेरो बेटे हे स्वतंत्र राष्ट्र नाही आणि डेन्मार्कचा साधा जिल्हाही नाही. डेन्मार्कच्या राज्यात राहून स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा हा स्वायत्त प्रदेश आहे. १९४८ च्या कायद्याने त्यांना हा अधिकार मिळाला. स्वतःची संसद, स्वतःचा पंतप्रधान, स्वतःची भाषा. डेन्मार्क युरोपीय संघात आहे, फेरो मात्र नाही. संरक्षण, पोलीस, न्यायव्यवस्था आणि बरेचसे परराष्ट्र धोरण डेन्मार्ककडे. मासेमारी, शिक्षण, रस्ते, बोगदे हे सगळं स्थानिक सरकारकडे. आरोग्यात दोघांचा वाटा आहे, पण तिथे आरोग्यमंत्री स्वतःचा असतो. २०२० मध्ये हे खाते काय लेओ योहानेसन यांच्याकडे होतं. गृहस्थ आधी पंतप्रधान होऊन गेलेले, आणि त्याच्याही आधी फेरोच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे गोलकीपर! गोल अडवायची सवय जुनीच म्हणायची.

राजधानी टोर्शहावन. मुख्य इस्पितळ तिथे, मंत्रालय तिथे आणि ज्या प्रयोगशाळेची ही कथा आहे तीही तिथेच. फाईलला फिरायला फार जागाच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी मासा आजारी पडला

फेरोच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा मासे आणि माशांच्या पदार्थांचा. त्यात मोठा भाग समुद्रात जाळ्यांच्या पिंजऱ्यात वाढवलेल्या सालमन माशाचा. (आपल्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सालमन’ म्हणतात, तो मासा वेगळा.) २००० सालच्या सुमारास या सालमनमध्ये एक विषाणूजन्य रक्तक्षयाचा रोग शिरला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत हा धंदा जवळजवळ बसला. घरदार ज्याच्यावर चालतं तेच बुडालं, तर काय होतं ते शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको.

यातून ते लोक शिकले. कडक नियम झाले. एका खाडीत एकाच वयाचे मासे ठेवायचे, ते काढले की खाडी काही काळ रिकामी ठेवायची, माशांना लस द्यायची आणि नियमित चाचण्या करायच्या. या चाचण्यांसाठी अन्न व पशुवैद्यकीय विभागाची एक उत्तम प्रयोगशाळा उभी राहिली. तिथले शास्त्रज्ञ देबेस क्रिस्टियानसेन हे सालमनच्या विषाणूंचे जाणकार.

२०२० च्या सुरुवातीला चीनमधून बातम्या येऊ लागल्या तेव्हा या माणसाच्या डोक्यात प्रश्न आला, की आपल्याकडे पीसीआर यंत्रं आहेत, हात बसलेले लोक आहेत, मग याच यंत्रांवर माणसांची चाचणी का होऊ नये? बेटांवर एकही रुग्ण नसताना त्यांनी तयारी सुरू केली, लागणारी रसायने मागवून ठेवली. जगभर याच रसायनांसाठी मारामार सुरू व्हायची होती. तहान लागल्यावर विहीर खोदणारे पुष्कळ असतात. इथे विहीर माशांसाठी आधीच खोदलेली होती आणि ‘हे पाणी माणसांनाही चालेल’ हे वेळेवर ओळखणारा माणूस हजर होता.

यंत्राला माशातलं आणि माणसातलं काय कळतं?

आता थोडा अभ्यास. करोनाचा विषाणू काय किंवा सालमनचा तो विषाणू काय, दोघांचाही वारसा आरएनए या रेणूत लिहिलेला असतो. आरटी-पीसीआर चाचणीत आधी एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने आरएनएची डीएनए प्रत बनवतात. मग ते मिश्रण सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे डीएनएच्या दोन साखळ्या सुटतात. तापमान ६० अंशांच्या आसपास आणलं की ‘प्रायमर’ नावाचे छोटे तुकडे नेमक्या जागी चिकटतात आणि तिथून नवी साखळी तयार होते. एका फेरीत एकाचे दोन, दुसऱ्या फेरीत दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहेच. दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४ होतात आणि तीस फेऱ्यांत सुमारे १०७ कोटी! प्रती वाढल्या की मिश्रणातला रंगद्रव्याचा प्रकाश वाढतो आणि यंत्राचा डोळा तो टिपतो. कितव्या फेरीला प्रकाश दिसला, तीच आपली ती प्रसिद्ध ‘सीटी व्हॅल्यू’. विषाणू जास्त असेल तर प्रकाश लवकर दिसतो, म्हणून आकडा कमी.

म्हणजे बघा, यंत्र करतं काय? तापवतं, थंड करतं आणि प्रकाश मोजतं. नमुना माशाचा आहे की माणसाचा, हे त्याच्या गावीही नसतं. बदलायचे असतात मुख्यतः प्रायमर, आणि अर्थात नमुना हाताळण्याची पद्धत व सुरक्षिततेचे नियम. हार्डवेअर तेच, प्रोग्राम नवा!

१८७ रुग्ण

फेरोमधला पहिला रुग्ण ३ मार्च २०२० रोजी सापडला. पॅरिसहून एका परिषदेला जाऊन परतलेला एक माणूस. सुरुवातीचे नमुने विमानाने डेन्मार्कला पाठवावे लागत. मग माशांच्या प्रयोगशाळेने काम हाती घेतलं आणि बेटांवरच दिवसाला सुमारे ६०० चाचण्या करण्याची ताकद आली. हा आकडा किरकोळ वाटतो का? ५२ हजारांच्या मानाने बघा. त्या वेगाने सबंध प्रदेश ८७ दिवसांत तपासून होईल. चाळीस लाख वस्तीच्या शहराला हाच वेग गाठायचा तर रोज ४६ हजार चाचण्या लागतील.

पण नुसत्या चाचणीने साथ थांबत नाही. अहवाल लवकर आला की रुग्णाला वेगळं ठेवायचं, तो कोणाकोणाला भेटला त्या प्रत्येकाला शोधायचं आणि घरीच विलगीकरणात बसवायचं. चाचणी हा सेन्सर, विलगीकरण हा ब्रेक. सेन्सरचा सिग्नल उशिरा आला तर ब्रेक कितीही चांगला असून काय उपयोग? कंट्रोल सिस्टिमच्या तासाला ‘टाइम डिले’ने सिस्टिम कशी अस्थिर होते ते आपण शिकतो, तेच इथे माणसांच्या बाबतीत होतं. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या, लोकांना घरी राहण्याचे आवाहन झाले. पण रस्त्यावर दिसला की लाठी, असला मामला तिथे नव्हता. एप्रिल संपेपर्यंत एकूण रुग्ण १८७, मृत्यू शून्य, आणि मेच्या सुरुवातीला सगळे बरे. ९ मे रोजी तर प्रेक्षकांविना का होईना, त्यांची फुटबॉल लीग सुरूही झाली!

पुढे पाठपुरावाही सोडला नाही. पहिल्या लाटेतल्या १८० जणांची प्रकृती संशोधकांनी तपासत ठेवली. बहुतेकांचा आजार सौम्य होता, तरी सुमारे चार महिन्यांनंतरही निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना काही ना काही त्रास उरलेला आढळला. ‘बरा झाला’ म्हणून फाईल बंद केली असती तर हे कळलंच नसतं.

दरम्यान पर्यटन बंद पडलं, त्यावरही त्यांनी डोकं लढवलं. एप्रिल २०२० मध्ये तिथला माणूस डोक्यावर कॅमेरा लावून डोंगरात फिरे आणि जगभरातले लोक घरी बसून मोबाइलवरच्या जॉयस्टिकने त्याला उजवीकडे वळ, डावीकडे वळ, उडी मार असे हुकूम सोडत. लॅन गेमिंगवाल्यांनी नोंद घ्यावी!

आमच्या आळीतली एक गोष्ट

हे सगळं वाचताना मला आमचं गाव आठवत राहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये आमच्या आळीत एका घरातल्या काकांना ताप आला. नमुना घेतला, तो जिल्ह्याच्या ठिकाणी गेला आणि रिपोर्ट आला सहाव्या दिवशी. तोवर ‘साधा ताप असेल’ म्हणून सगळे एकाच घरात, एकाच न्हाणीघरात. घरातली आणखी चार माणसं आजारी झाली. त्यांच्यातल्या आजी इस्पितळातून परत आल्या नाहीत. चूक कोणा एका माणसाची होती असं मी म्हणत नाही. नमुन्यांचे ढीग लागले होते, काम करणारे रात्रंदिवस राबत होते. पण त्या सहा दिवसांची किंमत आम्ही डोळ्यांनी बघितली.

आपल्याकडेही मार्ग निघाले, हेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीला देशभरात या चाचणीसाठी मुख्य भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर होती. पुढे शेकडो प्रयोगशाळा जोडल्या गेल्या, आणि त्यांत भोपाळच्या पशुरोग संस्थेसारख्या जनावरांच्या प्रयोगशाळाही होत्या. कल्पना तीच, फक्त आपल्या देशाचा पसारा प्रचंड.

दुसरी बाजू

फेरोची आरतीच ओवाळायची म्हणून हा लेख नाही. चारही बाजूंनी समुद्र आणि बाहेरून यायच्या वाटा मोजक्या, हा त्यांचा मोठा फायदा होता. १५ जून २०२० पासून प्रवासी पुन्हा येऊ लागले ते सीमेवरच चाचणी देऊन. तरी जुलैअखेरच्या ओलाव्सोका या राष्ट्रीय सणानंतर ऑगस्टमध्ये रुग्ण वाढलेच. जानेवारी २०२१ मध्ये पहिला मृत्यू झाला. स्वायत्ततेलाही मर्यादा असते. लस आली ती डेन्मार्कमार्फतच. मग डिसेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला. एका खासगी मेजवानीत लशीचे तिन्ही डोस घेतलेले ३३ आरोग्य कर्मचारी जमले, त्यांतल्या २१ जणांना लागण झाली. २०२२ च्या वसंतापर्यंत एकूण रुग्ण ३४ हजारांवर गेले आणि मृत्यू २८ झाले.

मग पहिल्या लाटेतली सगळी धडपड फुकट गेली का? मुळीच नाही. बहुतेक लोकांना हा आजार झाला तो लस घेतल्यानंतर. म्हणजे त्या प्रयोगशाळेने बेटांना वेळ मिळवून दिला. साथीच्या काळात वेळ हेच औषध असतं.

याच बेटांनी उलटं चित्रही पाहिलेलं आहे. १८४६ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुतारामुळे तिथे गोवर शिरला. ७,७८२ लोकांपैकी सहा हजारांहून अधिक काही महिन्यांत आजारी पडले. तेव्हा ना चाचणी होती, ना लस. डेन्मार्कने पाठवलेला पीटर लुडविग पानुम हा पंचवीस वर्षांचा तरुण डॉक्टर गावोगाव फिरला आणि नोंदी केल्या. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही ६५ वर्षांनी तो पुन्हा झाला नाही, हे त्याने दाखवून दिले. शिवाय ज्या गावांनी बाहेरच्यांना येऊ दिलं नाही, ती वाचली. जवळजवळ आपल्याच वयाचा तो पोरगा, हातात फक्त वही. पण साथरोगशास्त्रात त्याचं नाव आजही घेतलं जातं.

आपण काय घ्यावं?

मला यातून तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, एका संकटातून उभी केलेली व्यवस्था संकट गेलं म्हणून मोडू नये. माशांचा रोग २००५ च्या सुमारास आटोक्यात आला, तरी प्रयोगशाळा चालूच राहिली, म्हणून ती पंधरा वर्षांनी माणसांना उपयोगी पडली. दुसरी, आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर बघावं. क्रिस्टियानसेन ‘मी माशांचा माणूस, मला काय त्याचं’ म्हणून गप्प बसू शकले असते. आणि तिसरी, असा माणूस पुढे आला तर त्याला ‘हे तुमच्या विभागाचं काम नाही’ असं न म्हणता चावी देणारं कोणीतरी लागतं. फेरोचं सरकार लहान आणि जवळ होतं, म्हणून ती चावी लवकर मिळाली.

आपल्या कॉलेजचं घ्या. मेकॅनिकलला सिव्हिलच्या लॅबमध्ये काय आहे ते ठाऊक नसतं, सिव्हिलला इलेक्ट्रॉनिक्सचं. मार्च-एंडला घेतलेली कितीतरी यंत्रं प्रॅक्टिकलचे चार दिवस सोडले तर कपाटातच असतात. सर्व विभागांच्या यंत्रांची एकच यादी करावी. प्रत्येकापुढे तीन रकाने असावेत: हे काय मोजतं, चालवता कोणाला येतं, आणि अडचणीच्या वेळी चावी कोणाकडे? यादी लायब्ररीत आणि होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लागावी. आमच्या विभागाची यादी करायला मी या सत्रात सुरुवात केली आहे. लॅब असिस्टंट काकांनी पहिल्याच दिवशी दोन बंद कपाटं उघडून दिली. बाकीच्या विभागांतून एकेक जण पुढे आला तर परीक्षेच्या आधी काम पुरं होईल. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी रात्री जेवणानंतर मेसमध्ये गाठावं.