बाळासाठी सुती फडकी : पुसायची कशी, धुवायची कशी

चिंचणीच्या आपल्या वस्तीत बाळंतीण घरी आली की भेटायला येणारे हल्ली झबल्या-टोपड्यासोबत ओल्या वाइप्सचे एक पाकीटही आणतात. पाकिटाला सुवास असतो, ते हाताशी राहते आणि लवकर संपते. लहान बाळाचा लंगोट दिवसातून आठ-दहा वेळा बदलावा लागतो. दर वेळी एकच वाइप वापरला तरी ७२ वाइप्सचे पाकीट जेमतेम आठवडा-सव्वा आठवडा जाते, आणि शी झाल्यावर एकाने भागत नाही हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. पाकिटावरची किंमत पाहा, तिला महिन्याचे चार म्हणून चारने गुणा आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतचा हिशेब करा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या घराला हा आकडा परवडणारा नाही.

हेच काम घरातली जुनी सुती साडी करते. आपल्या आज्यांनी याच धुडक्यांवर मुले वाढवली. मात्र एक अट आहे : फडके नीट धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवे. ही अट पाळली तर सुती फडके उत्तम, नाही पाळली तर तेच आजाराचे घर होते. म्हणून या वेळी आम्ही पुसण्याइतकेच धुण्याबद्दलही सांगणार आहोत.

फडकी कशी करावी

नरम पडलेली सुती साडी, लुगडे, धोतर किंवा मलमलचे दुपटे घ्यावे. कापड सुती आहे की नाही हे ओळखायला त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला तर चालेल, घरंगळला तर ते कापड बाजूला ठेवा. काठ, जर आणि विरलेला भाग काढून टाका. सुमारे एक वीत लांब-रुंद तुकडे कापा, दोन पदर एकत्र करून कडेने शिवा. एका साडीतून अशी पन्नास फडकी सहज निघतात. उन्हाळ्यात वीस-पंचवीस पुरतात. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा पन्नास हाताशी असलेली बरी. वापरण्यापूर्वी एकदा गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका.

पुसावे कसे

एका वाटीत उकळून कोमट केलेले स्वच्छ पाणी घ्या. पाण्यात साबण, अत्तर किंवा जंतुनाशक द्रव घालू नका. त्याने बाळाची नाजूक कातडी जळजळते. सुवासिक वाइप्सचाही काही बाळांना असाच त्रास होतो. वाइप्स ओले राहूनही कुजू नयेत म्हणून त्यांत टिकवणारी रसायने घालतात. त्यांपैकी मेथिलआयसोथायाझोलिनोन या रसायनाला अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले होते. साध्या पाण्यात असे काही नसते. म्हणूनच फडकी आधी भिजवून डब्यात भरून ठेवू नयेत, रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. पुसतेवेळीच भिजवावीत. बाहेर जाताना कोरडी फडकी एका पिशवीत, पाण्याची बाटली वेगळी आणि वापरलेल्या फडक्यांना एक बंद पिशवी, एवढे पुरते.

शी झाली असेल तर आधी लंगोटाच्याच कोरड्या टोकाने जास्तीची काढा. मग ओल्या फडक्याने पुसा. मुलीला नेहमी पुढून मागे पुसावे. उलट पुसल्यास शीतले जंतू लघवीच्या मार्गात जातात. मुलाच्या लघवीच्या जागेची कातडी मागे ओढू नये. जांघेतल्या घड्या विसरू नका. शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका, आणि दोन-चार मिनिटे बूड उघडे ठेवा. पहिल्या दिवसांतली काळी चिकट शी निघत नसेल तर खोबरेल तेलाचे बोट फिरवून मग पुसावे. पावडर लावू नका, तिची भुकटी बाळाच्या श्वासात जाते.

शी लहान बाळाची, जंतू मोठेच

‘अंगावरच पिते, त्याची शी कसली घाण’ असे आपण म्हणतो. यातच चूक आहे. बाळाच्या शीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात. घरातल्या दुसऱ्या लहान मुलाला जुलाब लागतात, तेव्हा कारण पुष्कळदा मोरीतच असते. म्हणून पुढील क्रम मोडू नका :

१. फडक्यावरची शी संडासात टाका. मोरीत, गटारात किंवा विहिरीजवळ नको.
२. फडके आधी थंड पाण्यात खळबळा. एकदम गरम पाणी लावले तर डाग धरतो. हे पाणीही संडासातच ओता.
३. धुवायची बालदी वेगळी ठेवा, तिला झाकण असू द्या. रांगते मूल घरात असेल तर भरलेली बालदी उघडी ठेवणे जिवावर बेतते.
४. साबण लावून गरम पाण्यात धुवा आणि तीन पाण्यांतून काढा. जिथे विहिरीचे वा बोअरचे पाणी मचूळ आहे तिथे साबण सुटत नाही, म्हणून शेवटचे पाणी गोडे घ्या. राहिलेला साबण कातडीला चावतो. घरात कोणाला जुलाब असतील तर फडकी दहा मिनिटे उकळा.
५. कडक उन्हात वाळवा. ही फडकी आडोशाला, कोपऱ्यात लपवून वाळवू नका. त्यात लाजण्यासारखे काही नाही.
६. शेवटी साबणाने हात धुवा.

पावसाळ्यात आम्हीही चुकलो आहोत. वरून कोरडी वाटली म्हणून फडकी घडी करून डब्यात भरली, चौथ्या दिवशी कुबट वास आला आणि बाळाच्या जांघेत लाली उठली. तेव्हापासून आम्ही पाऊस असला की फडकी घरात दोरीवर सुटी-सुटी टाकतो आणि शेवटी गरम इस्त्री फिरवतो. वास आलेले फडके पुन्हा धुवायचेच.

हे धुणे रोजचे आहे. ओल्या बाळंतिणीच्या एकटीच्या अंगावर ते टाकू नये. फडकी पिळून दोरीवर टाकायला बापाला, काकाला, आजोबांना काय हरकत आहे? दिवसभर मूल आजीकडे राहत असेल तर हा क्रम आजीलाही माहीत हवा.

वाइप्स वापरलेच तर

प्रवासात, दवाखान्यात, पाणी नसेल तेव्हा वाइप्स सोयीचे पडतात. मग बिनवासाचे घ्या, पण संडासात टाकू नका. बऱ्याच वाइप्समध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात, ते पाण्यात विरत नाहीत. नळी तुंबते, टाकी भरते आणि ती मोकळी करायला माणसाला बोलावले जाते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, तरी माणसे उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. ती कोणत्या समाजाची असतात हे आपल्याला सांगायला नको. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. वाइप्सही तसेच द्या. आपल्या घरची घाण दुसऱ्याच्या उघड्या हातात जाऊ नये.

दवाखान्यात केव्हा जावे

साधी लाली वारंवार लंगोट बदलून, बूड कोरडे ठेवून आणि झिंकचे मलम किंवा पेट्रोलियम जेली लावून दोन-तीन दिवसांत उतरते. उतरली नाही, घड्यांत गडद लाल होऊन भोवती बारीक पुरळ उठले तर ती बुरशी असू शकते. फोड, पू किंवा ताप असेल तर थांबू नका. मेडिकलमधून मनानेच मलम आणू नका, अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते.

पाण्यासारखे जुलाब झाले तर अंगावर पाजणे चालू ठेवा, ओआरएस द्या आणि आशाताईंना विचारून झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करा. शीत रक्त दिसले, लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, बाळ सुस्त पडले किंवा दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर त्याच वेळी आरोग्य केंद्र गाठा. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाचे बूड दाखवा, फडकी कुठे वाळवता तेही दाखवा.

पुढच्या वेळी वस्तीत बाळंतीण पाहायला जाल तेव्हा पाकिटाऐवजी जुन्या साडीची धुतलेली, शिवलेली वीस फडकी घेऊन जा. ती पुढच्या बाळालाही उपयोगी पडतील.