जुनी हार्ड डिस्क : ‘गेली’ म्हणण्याआधी तपासा



१९९० च्या दशकात अनेक दुकानदारांनी ३८६, ४८६ किंवा पेंटियम संगणक घेऊन उधारीचे हिशेब त्यात भरले. काहींच्या माळ्यावर ती यंत्रे अजून पडून आहेत. वारसांची वाटणी किंवा जुन्या देण्याघेण्याचा वाद निघाला की ती खाली उतरवली जातात आणि पडद्यावर ‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर’ अशी अक्षरे उमटतात. कारागीर म्हणतो, "डिस्क गेली." पुष्कळदा ती गेलेली नसते.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. तेव्हा अशी डिस्क ही लोकांच्या हक्कांची अमानत होय. या धंद्यातील तरुणांनी तपासणी पुढील क्रमाने करावी.

१) वीज : वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम चालू करू नये. गिऱ्हाइकाची डिस्क काढून एखादी भंगार डिस्क जोडावी व मल्टिमीटर लावावा. पिवळ्या व काळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल व काळ्या तारेत ५ व्होल्ट हवेत. पाच टक्क्यांहून अधिक फरक असल्यास दोष पॉवर सप्लायचा समजावा.

२) बॅटरी : मदरबोर्डवरील बॅटरी संपली की तारीख चुकते आणि डिस्कची मापे, म्हणजे सिलिंडर, हेड व सेक्टर यांची संख्या, संगणक विसरतो. डिस्क ठणठणीत असूनही ती सापडत नाही. मापे बहुधा डिस्कच्या लेबलवर छापलेली असतात. ती बायोसमध्ये ‘टाइप ४७’ किंवा ‘यूजर’ या जागी भरावीत. ३८६-४८६ च्या बोर्डावर डाग दिलेली बॅटरी असेल व ती पाझरत असेल तर आधी काढावी. तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो.

३) केबल : ४० पिनांच्या पट्टीची लाल कडा पिन क्रमांक १ कडे हवी. मास्टर-स्लेव्हचा जंपर पाहावा. केबल बदलून पाहावी.

४) आवाज : इतके करूनही डिस्क दिसली नाही तर कान लावावा. काहीच फिरत नसेल तर दोष मोटरचा किंवा डिस्कखालील सर्किटचा असतो. सीगेट एसटी-२२५ सारख्या फार जुन्या डिस्कमध्ये हेड तबकडीला चिकटूनही बसते. ठराविक ‘टक् टक्’ म्हणजे हेडला तबकडीवरील खुणा वाचता येत नाहीत. खरवडल्यासारखा आवाज आला तर तत्क्षणी वीज बंद करावी, कारण तबकडीवरचा मजकूर घासून जात असतो. झाकण कधीही उघडू नये. धुळीचा एक कणही घात करतो.

५) नक्कल : डिस्क नीट फिरते, फायलींची यादी दिसते, पण काही फायलींवर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ येते, असे असेल तर सेक्टर खराब झाले आहेत. येथेच मोठी चूक होते. कारागीर स्कॅनडिस्क चालवतो किंवा फॉरमॅट करतो, आणि जे वाचणार होते तेही जाते. आधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चांगले सेक्टर आधी उतरवतो व खराब भाग शेवटी पुन्हा वाचून पाहतो. यूएसबीचे अनेक अॅडॉप्टर फार जुन्या डिस्क ओळखत नाहीत, म्हणून आयडीई जोडणीचा संगणक हाताशी ठेवावा. दुरुस्तीचे सर्व प्रयोग नकलेवर करावेत. जुने यंत्र पुढे चालवायचे असल्यास आयडीई अॅडॉप्टरमध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवता येते.

शेवटी एक गोष्ट. खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगावा. त्याच्या हिशेबात कोणाचे किती देणे आहे, हे बाहेर बोलू नये. बॅटरी बदलून डिस्कचे पैसे घेणे ही फसवणूक आहे. ती कमाई हलाल नव्हे. जो कारागीर "डिस्क चांगली आहे, फक्त बॅटरी संपली होती" असे सांगून बॅटरीचेच पैसे घेतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक इन्शाअल्लाह पुन्हा येईल.