परसबाग दाखवावी कशी, पाहावी कशी



पावसाचा जोर ओसरला की बागा पाहण्याचे दिवस सुरू होतात. मांडवावर दोडका, काकडी लोंबत असते, भेंडी उतरत असते आणि कोबी-फ्लॉवरची रोपे वाफ्यावर तयार होत असतात. ८ सप्टेंबरला पवित्र मारियेचा जन्मोत्सव होतो. त्यानंतरचा एखादा रविवार ठरवून, मिस्सा संपल्यावर दोन-तीन घरच्या परसबागा सर्वांनी मिळून पाहाव्या व शेवटी एखाद्या जाणकाराचे चार शब्द ऐकावे, असा उपक्रम कोणताही धर्मग्राम करू शकतो. खर्च जवळजवळ नाही. मात्र तो नीट केला नाही तर उपयोगाऐवजी अपायही होतो. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

ही रीत जुनी आहे

दहा जणांनी मिळून एकाची बाग पाहावी व एकमेकांपासून शिकावे, ही रीत आपल्या देशात दोनशे वर्षांहून जुनी आहे. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापणारे मिशनरी विल्यम कॅरी यांनीच १८२० साली कलकत्त्यास कृषी व उद्यान संस्थेची स्थापना केली. पुण्याच्या एम्प्रेस बागेतील पुष्पप्रदर्शन आणि बंगलोरच्या लालबागेतील जानेवारी व ऑगस्टमधील प्रदर्शने पाहायला आजही हजारो लोक जातात.

परंतु आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण इंग्लंडमधील आहे. तेथे गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका होत्या. त्यांच्यासाठी पैसा उभा करावा म्हणून १९२७ साली ६०९ बागांच्या मालकांनी आपली फाटके लोकांसाठी उघडली. माणशी एक शिलिंग घेतला आणि पहिल्याच वर्षी आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. तो उपक्रम ‘नॅशनल गार्डन स्कीम’ या नावाने अजून चालू आहे व आता तीन हजारांहून अधिक बागा त्यात आहेत. बाग आणि आजाऱ्याची सेवा यांची सांगड त्यांनी पहिल्या दिवसापासून घातली. आपल्या पानाचे नावही ‘शेती व आरोग्य’ असेच आहे.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावर अशीच भेट ठरली. माझ्या परसात टोमॅटोचे दोन वाफे होते. एक चांगला होता. दुसऱ्यातली सहा-सात झाडे दोन दिवसांत हिरवीच्या हिरवी मान टाकून बसली होती. पाहुणे येणार म्हणून मी तो वाफा गोणपाटाने झाकला, पुढे झेंडूच्या कुंड्या मांडल्या आणि सर्वांना गुलाब व चांगला वाफा दाखवला. सगळ्यांनी कौतुक केले. जाताना शेजारच्या वाड्यावरच्या एका मावशींनी वांग्याची रोपे मागितली. ती त्या झाकलेल्या वाफ्याला लागूनच होती. मी मुळाला माती ठेवून मोठ्या हौसेने त्यांना वीस रोपे दिली.

दीड महिन्याने त्या चर्चच्या पायरीवर भेटल्या. रोपे तर गेलीच होती, पण त्यांच्या घरचा मिरचीचा वाफाही बसला होता. चार पैसे मिळवून देणारे त्यांचे तेवढेच पीक होते. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “बाई, ती झाडं मला दाखवली असती, तर मी रोपं नेलीच नसती.”

त्या दिवशी मला कळले की बाग दाखवणे म्हणजे घर सजवून दाखवणे नव्हे. आजारी झाड हाच पाहुण्यांसाठी सर्वांत मोठा पाठ असतो.

मर रोगाची परीक्षा

माझ्या वाफ्यात होता तो जिवाणूंमुळे येणारा मर रोग. तो टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा या एकाच कुळातील पिकांवर येतो आणि उष्ण व ओल्या हवेत फोफावतो. जिवाणू मुळातून आत शिरतात व खोडातील पाण्याच्या नळ्या बंद करतात. म्हणून पाने पिवळी न पडताच झाड कोमेजते. माती ओली असूनही झाड सुकते आणि घरचा माणूस आणखी पाणी घालीत बसतो. ते पाणी शेजारच्या झाडाकडे वाहत जाते व रोगही घेऊन जाते.

त्याची परीक्षा मुलांनाही करता येते. बागेच्या भेटीत ती अवश्य करून दाखवावी:

१. नुकतेच कोमेजलेले झाड उपटून, जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार चाकूने कापावा.

२. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन, तुकड्याचे एक टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो दोऱ्याने टांगावा. पेला हलवू नये.

३. काही मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर तो जिवाणूंचा मर रोग समजावा. धागे आले नाहीत आणि झाड खालच्या पानांपासून पिवळे पडत हळूहळू वाळत असेल, तर बहुधा बुरशीचा मर रोग असतो.

या रोगावर फवारणीचा उपयोग होत नाही. आजारी झाड मुळाभोवतीच्या मातीसह काढून जाळावे. ते खताच्या खड्ड्यात टाकू नये. त्या वाफ्यात निदान तीन वर्षे वर सांगितलेली चार पिके घेऊ नयेत. मका, कांदा, कोबी अशी पिके घ्यावीत. वाफे उंच करावेत, म्हणजे पाणी तुंबत नाही. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटो काढला आहे. तो हा रोग बऱ्याच अंशी सहन करतो.

उपटलेले मूळ फेकण्यापूर्वी तेही पाहुण्यांना दाखवावे. टोमॅटो-वांग्याच्या मुळावर गाठी असल्या तर त्या सूत्रकृमींच्या समजाव्या. घेवडा-चवळीच्या मुळावरही गाठी असतात, पण त्या बोटाने चोळल्या तर सहज सुटतात. त्या हवेतील नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या उपकारक जिवाणूंच्या असतात. सूत्रकृमींची गाठ मात्र मुळाचाच फुगलेला भाग असल्याने सुटत नाही. एवढा फरक डोळ्यांनी पाहिला की जन्मभर विसरत नाही.

भेटीची तयारी

घरच्या मंडळींनी व पाहुण्यांनी पाळण्याचे नियम थोडे आहेत, पण ते कसोशीने पाळावेत.

१. आधी निरोगी वाफे, शेवटी आजारी वाफा, हा क्रम ठेवावा. पायांना लागलेल्या मातीतून रोग पसरतो. म्हणून एका बागेतून दुसरीत जाताना चपला-बूट घासून, साबणाच्या पाण्याने धुवावेत. फाटकाशी पाण्याची बादली व काथ्याचा ब्रश ठेवावा. कोयते-खुरपीही धुऊन घ्यावीत.

२. बिडी, सिगारेट, तंबाखू हाताळणाऱ्यांनी हात साबणाने धुतल्याशिवाय टोमॅटो-मिरचीच्या झाडाला लावू नयेत. तंबाखूच्या पानातील विषाणू हातावरून त्या झाडांना लागतो. (बिडीच सोडली तर उत्तम. मग झाडाचे व माणसाचे दोघांचेही भले!)

३. भेटीच्या आधीच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नये. फवारले असल्यास ते स्पष्ट सांगावे आणि डब्यावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत भाजी कोणाला खायला देऊ नये.

४. कुंड्यांखालच्या ताटल्या, करवंट्या, जुने टायर, उघडे पिंप पाहुण्यांसमोरच तपासावे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी पालथी घालून, कोरडी करून, कडा घासाव्यात. शनिवार सोयीचा पडतो. भाजी पिकवता पिकवता घरात ताप पिकवू नये.

५. पायाला जखम असेल त्याने अनवाणी मातीत शिरू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर आरोग्य केंद्रात विचारावे.

एका वेळी दहा-पंधरा माणसे पुरेत. जास्त झाली तर दोन गट करावेत. मुलांना पुढे उभे करावे. घरच्या बाईलाच बोलू द्यावे. पुष्कळदा बाग तिने केलेली असते आणि माहिती देतात दुसरेच!

बागेतून ताटात

नुसती बाग पाहून रक्त वाढत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण ६७ टक्के होते. म्हणजे मिस्साला आपल्या शेजारी बसणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला तरी तो असण्याचा संभव आहे. धाप लागते, जिना चढवत नाही, डोके गरगरते, आणि आपण म्हणतो, “काम फार पडतं हो.”

म्हणून भेटीच्या शेवटी त्याच बागेतील एक पदार्थ करून सर्वांना चाखायला द्यावा. शेवग्याच्या पाल्याची किंवा माठाची डाळ घातलेली भाजी, वर लिंबू पिळून. लिंबू चवीपुरतेच नाही. पालेभाजीतील लोह शरीरात कमी मुरते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक मुरते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा-कॉफी त्याला अडवतो. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. पुष्कळांना वाटते की बीट लाल म्हणून रक्त वाढवते. बीट खावे, चांगले आहे, पण त्यात लोह थोडेच असते. रंगावर जाऊ नये.

पपई, भोपळा, गाजर व हिरव्या भाज्या यांत अ जीवनसत्त्वाचा साठा असतो. तो अंगी लागण्यासाठी थोडे तेल लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे सांगते. आपल्या ताटाच्या कडेला असते ती चमचाभर भाजी त्याच्या जवळपासही जात नाही.

एक सूचना मात्र विसरू नये. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या खाली असेल, तर नुसत्या भाजीवर विसंबू नये. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पुऱ्या कराव्यात. बाग गोळीला मदत करते, तिची जागा घेत नाही.

बियाणे देणे-घेणे

भेटीच्या दिवशी रोपांऐवजी बी द्यावे. रोपाबरोबर माती जाते, मातीबरोबर रोग. बी देतानाही विचार हवा. घेवडा, चवळी, वाटाणा, टोमॅटो यांचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून घरचे बी मूळ वाणासारखेच उतरते. भोपळा, काकडी, दोडका यांचे पराग मधमाश्या नेतात. शेजारी काकडीचा दुसरा वाण असेल तर बी मिसळते. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. बी चांगल्या, निरोगी झाडाचे घ्यावे, सावलीत वाळवावे, कोरड्या डब्यात राख घालून ठेवावे आणि चिठ्ठीवर वाण व वर्ष लिहावे.

व्याख्यान कोणाचे?

जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना बोलवावे. असे पहिले केंद्र १९७४ साली पाँडिचेरीस सुरू झाले व आता देशभर त्यांचे जाळे आहे. फादरांच्या सहीचे साधे पत्र पुरते. दुसऱ्या भेटीस आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि तिसरीस आपल्यातलाच एखादा वृद्ध शेतकरी बोलू द्यावा. विषय एकच, वेळ वीस मिनिटे, पुढे प्रश्न. वर्षाला तीन भेटी ठेवाव्यात: सप्टेंबरात पावसाळी भाज्यांची, डिसेंबर-जानेवारीत हिवाळी भाज्यांची आणि एप्रिलात, पाणी आटते तेव्हाची. तिसरी कोणी ठेवीत नाही, पण अर्ध्या बादलीत बाग कशी जगवावी हे तेव्हाच कळते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाड्यावर मर रोग कोणाच्या बागेत आहे? पेल्याची परीक्षा केली का?
२. घरातील स्त्रियांनी हिमोग्लोबिन शेवटचे केव्हा तपासले?
३. मागील आठवड्यात घरच्या बागेतील भाजी किती वेळा ताटात आली?

प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. धनी बाग पाहायला आला तेव्हा माळ्याने फळ न देणारे झाड झाकले नाही. ते त्याच्यासमोरच होते. त्याने एक वर्षाची मुदत मागितली आणि भोवती खणून खत घालीन म्हणाला. आपणही तसेच करावे. त्या मावशींना पुढच्या पावसाळ्यात मी मक्याचे व चवळीचे बी नेऊन दिले, आणि वांगी अजून दोन वर्षे लावू नका असे सांगितले. यंदा त्यांच्या परसात भेट ठेवायची आहे. आजारी वाफा असला तर तो आधी दाखवीन, असे त्यांनी आपणहून कळवले आहे.