आधी कागद मागा

नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या घराच्या माडीवरच्या खोल्या मी शिकणाऱ्या मुलांना भाड्याने देते. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देते, पुढेही देत राहीन. आपल्या घरात कोण राहतंय हे मलाही माहीत असायला हवं.

पण बंदोबस्ताच्या दिवसांत एका संध्याकाळी साध्या कपड्यांतले दोघे 'पडताळणी' म्हणत वर गेले. धुळ्याकडचा एक मुलगा ताटावर बसला होता. त्याला मोबाइल उघडायला लावला. बहिणीचे फोटो, मित्रांच्या गप्पा, एका मोर्चाचा व्हिडिओ, सगळं अंगठ्याने सरकवत पाहिलं आणि काही भाग आपल्या फोनवर टिपून घेतला. पोरगा हातात घास तसाच धरून बसलेला. कसली चौकशी आहे, असं मी विचारलं. "मावशी, सुरक्षेचा विषय आहे, तुम्ही यात पडू नका."

पुढे त्याच्या गावी फोन जायला लागले. घाबरून वडिलांनी त्याला परत बोलावलं, परीक्षा बुडाली. मी ठाण्यात विचारायला गेले, तर अशी काही नोंदच नाही. ना गुन्हा, ना नोटीस, ना नाव. मग तक्रार करायची ती कोणाविरुद्ध?

म्हणून भाडेकरू ठेवणाऱ्या आणि खोली घेऊन राहणाऱ्या सगळ्यांना सांगते: हुज्जत घालू नका, अडवू नका, पण कागद मागा. आधी नाव, बक्कल नंबर आणि ठाणं विचारून लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ प्रमाणे मोबाइलसारखं साधन हजर करायला सांगायचं, तर ठाणे प्रभारीचा लेखी आदेश हवा. वॉरंटशिवाय झडती घ्यायची, तर कलम १८५ प्रमाणे कारणं आधी लिहून ठेवावी लागतात आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. फोन नेलाच तर जप्तीच्या यादीची प्रत सोडू नका. साक्षीदार म्हणून बायकांना आणि साठीच्या पुढच्यांना जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. कलम १७९ तसं सांगतं. आमच्या गल्लीत हे कोणालाच माहीत नव्हतं.

आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल का, ते विचारा. झेरॉक्सवर कारण आणि तारीख आडवी लिहा.

कागदासाठी एवढा हट्ट कशाला, असं लोक विचारतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकण्यावर बंधनं घातली: गृहसचिवांचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही. म्हणजे नुसतं बोलणं ऐकायलाही एवढं सगळं लागतं, आणि इथे अख्खा फोन तोंडी हुकमावर चाळला जातो. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात सरकारसाठी मोठी सूट ठेवलेली आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

आता सिंहस्थ कुंभमेळा येतोय, आणि सुरक्षेसाठी म्हणून कॅमेरेही येतील. २७ ऑगस्ट २००३ ला आमच्याच पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. सुरक्षा नको असं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणू? पण ती माणसं गर्दीच्या लोंढ्यात अरुंद रस्त्यावर चिरडली. त्यांची ओळख पटली नव्हती म्हणून कोणी मेलं नाही. गर्दी किती झाली, ती कुठे तुंबली, हे सांगणारा कॅमेरा मला हवाच आहे. प्रत्येक चेहऱ्याला नाव जोडणारा कॅमेरा ही वेगळी गोष्ट झाली, आणि ती गर्दीच्या नावाखाली मागच्या दाराने येऊ नये.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महापालिका आणि पोलीस आयुक्तालय, दोन्हीकडे आत्ताच टाका. विचारा: चित्रीकरण किती दिवस ठेवणार? कोणाकोणाला पाहता येणार? चेहरे जुळवणार का आणि कोणत्या आदेशाने? मेळा संपल्यावर कॅमेरे उतरणार की राहणार? तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे करायची? अर्जाची पोच मात्र जपून ठेवा, कारण तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर अपील तिच्याच आधारावर होतं.